कृत्रिम पाय व धावण्याच्या स्पर्धा

कृत्रिम पाय व धावण्याच्या स्पर्धा : पाय गमावलेल्या वा जन्मतःच पायाची वाढ न झालेल्या खेळाडूने कृत्रिम पाय लावून अव्यंग धावपटूंबरोबर एकाच शर्यतीत उतरावे किंवा नाही, हा आधुनिक क्रीडाक्षेत्रातील एक वादाचा प्रश्न आहे. कृत्रिम पाय जोपर्यंत नैसर्गिक पायाहून उघडपणे दुबळा होता, तोपर्यंत हा प्रश्न कोणी विचारला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस कार्बन तंतूंची वक्राकार पाती पायाच्या जागी बसविता येऊ लागली व ती लावून धावणारे खेळाडू अव्यंग धावपटूंच्या वेगाजवळ येऊन पोहोचले. तेव्हा मात्र हे साधन उणीव भरून काढणारे आहे की अधिकची शक्ती देणारे आहे, अशी शंका घेतली जाऊ लागली. या शंकेतून क्रीडा-लवादापुढे अनेक खटले उभे राहिले आणि शरीरक्रियाविज्ञान, यामिकी व विधिशास्त्र या तिन्ही शाखांच्या अभ्यासकांना त्यांत लक्ष घालावे लागले.

या प्रश्नात तीन निरनिराळ्या बाबी एकमेकींत मिसळलेल्या असतात : शर्यतीत धावू देणे, धावपटूला क्रमांक व पदक देणे आणि त्याच्या वेळेची विक्रम म्हणून नोंद करणे. त्या वेगळ्या करून पाहिल्या, तर वादाचा बराचसा भाग आपोआप मिटतो.

समान स्पर्धेचे तत्त्व : स्पर्धा समानांमध्ये व्हावी, ही कल्पना सर्वच खेळांना परिचित आहे. कोल्हापूरच्या तालमींतून व १९१२ मध्ये बांधून झालेल्या खासबाग मैदानातून ती फार पूर्वीपासून रुजलेली दिसते. मैदानी कुस्तीत ‘जोड’ ठरविणे हे जाणत्या वस्तादांचे काम असते. वय, अंगलट, तयारी आणि पूर्वीच्या कुस्त्या पाहून दोन मल्ल एकमेकांसमोर उभे केले जातात व तोलामोलाच्या लढतीला ‘काटाजोड कुस्ती’ म्हणतात. ऑलिंपिक कुस्तीत हेच काम वजनकाटा करतो. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी असलेले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले; १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी त्यावरच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, की गट पाडणे म्हणजे कोणाला कमी लेखणे नव्हे. त्याचबरोबर दुसरीही गोष्ट लक्षात घ्यावी लागते. खेळ प्रत्येक शारीरिक फरकाचा गट पाडत नाही. उंच धावपटू व बुटका धावपटू, समुद्रसपाटीवर वाढलेला व डोंगरात वाढलेला धावपटू हे एकाच रेषेवर उभे राहतात. जन्मजात लाभ हा प्रतिभेचा भाग मानला जातो. बाहेरून घेतलेला लाभ मात्र संशयास्पद ठरतो. कृत्रिम पाय या दोहोंपैकी कशात बसतो, हीच खरी अडचण आहे. तो बाहेरून लावलेला असतो, हे खरे. पण तो काढून ठेवला, तर खेळाडूला धावणे तर दूरच, उभेही राहता येत नाही. धावपटूच्या बुटांप्रमाणे तो साधन आहे आणि पायाप्रमाणे तो शरीराचा भागही आहे.

इतिहास : अवयव गमावलेले खेळाडू अव्यंगांच्या स्पर्धांत उतरल्याची उदाहरणे जुनी आहेत. १९०४ च्या सेंट लूइस ऑलिंपिकमध्ये जॉर्ज आयझर या अमेरिकन कसरतपटूने डाव्या पायाच्या जागी लाकडी पाय असताना सहा पदके मिळविली. त्यांपैकी तीन सुवर्णपदके होती. हंगेरीचा ऑलिव्हेर हॉलॉशी याचा डावा पाय गुडघ्याखाली कापलेला होता. तो १९३२ व १९३६ या दोन्ही ऑलिंपिक सामन्यांत वॉटरपोलोच्या विजयी संघात होता. दक्षिण आफ्रिकेची नाताली द्यू त्वा ही २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १० किमी. खुल्या पाण्यातील पोहण्याच्या शर्यतीत कृत्रिम पायाविना उतरली व सोळावी आली. यांपैकी कोणालाही व्यंगामुळे गैरलाभ मिळतो, असा आक्षेप घेतला गेला नाही.

अपंगांसाठी स्वतंत्र स्पर्धांची परंपरा मात्र वेगळ्या गरजेतून निर्माण झाली. दुसऱ्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी लूटव्हिख गुटमान या वैद्याने इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात खेळांचा उपयोग सुरू केला. लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्या दिवशीच, २९ जुलै १९४८ रोजी, त्याने तेथे चाकाच्या खुर्चीवरील खेळाडूंची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. १९६० मध्ये रोम येथे झालेले सामने पहिले पॅरालिंपिक सामने मानले जातात. विच्छेदित अवयवांच्या खेळाडूंना त्यांत १९७६ च्या टोराँटो येथील सामन्यांपासून प्रवेश मिळाला.

भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक दक्षिण महाराष्ट्रात आले. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूर भागातील मुरलीकांत पेटकर हे भूसेनेत असताना मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. १९७२ मध्ये हायडलबर्ग येथील पॅरालिंपिक सामन्यांत त्यांनी ५० मी. मुक्त शैलीतील पोहण्याची शर्यत ३७·३३ सेकंदांत जिंकून जागतिक विक्रम केला. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री देण्यात आली. मुष्टियुद्धातून पोहण्याकडे झालेला त्यांचा प्रवास स्वतंत्र गटाची उपयुक्तता दाखवितो : त्या गटामुळे एका जायबंदी सैनिकाला पुन्हा खेळाडू होता आले. स्वतंत्र गट टिकविण्याच्या बाजूने असलेला हा सर्वांत बळकट पुरावा आहे.

कृत्रिम पायाची घडण : भारतात कृत्रिम अवयवांचे पद्धतशीर काम पुणे येथे १९४४ मध्ये स्थापन झालेल्या सेनादलाच्या कृत्रिम अवयव केंद्रात सुरू झाले. महायुद्धातील जखमी सैनिकांना पुन्हा चालते करणे, हा त्याचा मूळ हेतू होता. १९६८ मध्ये जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा व अस्थिशल्यचिकित्सक प्रमोद करण सेठी यांनी ‘जयपूर फूट’ नावाने प्रसिद्ध झालेले पाऊल तयार केले. मांडी घालून व उकिडवे बसता यावे, अनवाणी चालता यावे, शेतातील चिखलात व ओबडधोबड जमिनीवर वावरता यावे, या भारतीय जीवनाच्या गरजा त्याच्या रचनेत विचारात घेतल्या होत्या. हा पाय चालण्यासाठी व कामासाठी आहे. वेगाने धावण्यासाठी तो बनविलेला नाही.

धावण्याच्या पायाची दिशा निराळी आहे. तरुणपणी स्वतःचा पाय गमावलेल्या व्हॅन फिलिप्स या अमेरिकन संशोधकाने १९८० नंतरच्या दशकात कार्बन तंतूंचे वाकणारे पाऊल तयार केले. पुढे त्यातून चित्त्याच्या मागील पायासारखी बाक असलेली पाती निघाली. अशा पात्याला टाच नसते. पाऊल जमिनीवर टेकले, की शरीराच्या भाराने पाते दबते व त्यात ऊर्जा साठते. भार उतरताना पाते सरळ होते व साठलेली बहुतेक ऊर्जा परत मिळते. पाते हलके असते. त्याची कडकपणाची प्रत खेळाडूच्या वजनानुसार निवडतात. भारतात अशा पात्याची किंमत काही लाख रुपयांपर्यंत जाते. त्यामुळे सामान्य विच्छेदित व्यक्तीला मिळणारा पाय आणि शर्यतीत दिसणारा पाय या दोन फार वेगळ्या वस्तू आहेत.

धावण्याची यामिकी : धावताना नैसर्गिक पायही स्प्रिंगप्रमाणे काम करतो. टाचेमागील स्नायुबंध ताणला जाऊन ऊर्जा साठवितो व परत देतो. मात्र घोट्याच्या सांध्यात ऊर्जेचा बराच भाग नष्ट होतो आणि तो पोटरीच्या स्नायूंना नव्याने भरून काढावा लागतो. पात्यात ऊर्जेचा क्षय फार कमी असतो. पण पात्याला स्नायू नसल्यामुळे साठविलेल्याहून कणभरही अधिक ऊर्जा ते देऊ शकत नाही. सर्व नवीन शक्ती मांडी व कटिभागाच्या स्नायूंकडूनच यावी लागते. त्यामुळे केवळ परत मिळणाऱ्या ऊर्जेची तुलना करून लाभ ठरविणे अपुरे ठरते.

शर्यतीचे निरनिराळे टप्पेही लक्षात घ्यावे लागतात. सुरुवातीला शरीर स्थिर अवस्थेतून पुढे ढकलायचे असते. त्या क्षणी पाते दबलेले नसते व घोटाही नसतो, म्हणून दोन्ही पाय कृत्रिम असलेला धावपटू बहुधा मागे राहतो. पूर्ण वेग आल्यावर हलक्या पायामुळे पाऊल झटपट पुढे आणता येते. वळणावर पुन्हा अडचण येते. धावपट्टीवर शर्यत घड्याळाच्या उलट दिशेने होते व डावा पाय आतल्या बाजूला असतो. डावा पाय कृत्रिम असलेल्या धावपटूंचा वळणावरील वेग उजवा पाय कृत्रिम असलेल्यांच्या तुलनेने सु. ४ टक्क्यांनी कमी होतो, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. एकच पाय कृत्रिम असलेल्यांच्या बाबतीत तो पाय जमिनीवर दुसऱ्या पायाहून सु. ९ टक्के कमी बल लावतो, असे २०१० च्या एका संशोधनात दिसून आले होते. जमिनीवर लावलेले बल हाच वेगाचा मुख्य आधार असल्यामुळे ही उणीव लहान नव्हे.

पिस्टोरियस प्रकरण : या वादाचे मूळ प्रकरण दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याचे होय. नडगीलगतचे बारीक हाड जन्मतःच नसल्यामुळे त्याचे दोन्ही पाय वयाच्या अकराव्या महिन्यात गुडघ्याखाली कापावे लागले. २००४ च्या अथेन्स पॅरालिंपिकमध्ये त्याने २०० मी. शर्यत जिंकली व त्यानंतर तो अव्यंगांच्या स्पर्धांत धावू लागला. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने २००७ मध्ये एक नवा नियम करून स्प्रिंग, चाके किंवा साधन न वापरणाऱ्यावर लाभ मिळवून देणारा अन्य घटक असलेल्या साधनांना बंदी घातली.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये कोलोन येथील जर्मन क्रीडा विद्यापीठात प्रा. गेर्ट-पेटर ब्र्यूगेमान यांनी पिस्टोरियसची चाचणी घेतली. त्याच वेगाने धावणाऱ्या अव्यंग धावपटूंपेक्षा त्याला सु. २५ टक्के कमी ऊर्जा लागते, तसेच नैसर्गिक घोट्यात सु. ४१ टक्के ऊर्जा नष्ट होत असताना पात्यात ती केवळ सु. ९ टक्के नष्ट होते, असा निष्कर्ष निघाला. त्या आधारे जानेवारी २००८ मध्ये महासंघाने त्याला अपात्र ठरविले.

पिस्टोरियसने या निर्णयाविरुद्ध क्रीडा-लवादाकडे दाद मागितली. त्याच्या बाजूने ह्यू हेर, रॉजर क्रॅम, पीटर वेयंड इ. शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील ह्यूस्टन येथे वेगळ्या चाचण्या केल्या. ऑक्सिजनचा खर्च व थकण्याचा वेग या दोन्ही बाबतींत तो अव्यंग धावपटूंसारखाच आहे, असे त्यांतून दिसले. लवादाने १६ मे २००८ रोजी बंदी रद्द केली. कोलोन येथील चाचणीत सरळ मार्गावरील पूर्ण वेगाचाच टप्पा तपासला होता. संथ सुरुवातीत होणारे नुकसान हिशेबात घेतलेले नव्हते. संपूर्ण शर्यतीचा विचार करून निव्वळ लाभ होतो, हे सिद्ध करण्याची जबाबदारी महासंघाची होती व ती पार पडली नाही, असे लवादाने म्हटले. हा निकाल त्या एका खेळाडूपुरता व त्याच्या त्या विशिष्ट पात्यापुरताच मर्यादित ठेवण्यात आला.

पिस्टोरियसने २०११ मध्ये ४०० मी. अंतर ४५·०७ सेकंदांत कापले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो प्राथमिक फेरीतून उपांत्य फेरीत पोहोचला व तेथे शेवटचा आला. पुढे एका खून खटल्यात तो दोषी ठरला. त्या घटनेचा या प्रश्नाच्या गुणदोषांशी संबंध नाही.

याच प्रकरणाचा उत्तरार्ध तितकाच बोधप्रद आहे. ह्यूस्टन येथील शास्त्रज्ञांमध्येच नंतर मतभेद झाले. वेयंड यांच्या मते हलक्या पायांमुळे पिस्टोरियस पाऊल पुढे आणण्याच्या क्रियेत १०० मी.च्या जागतिक विक्रमवीरांपेक्षाही सु. १६ टक्के कमी वेळ घेत असे व हा लाभ मोठा होता. क्रॅम आदींनी एकाच खेळाडूवरून असा निष्कर्ष काढणे अमान्य केले. त्याच वर्षी, २०१२ च्या पॅरालिंपिकमध्ये, ब्राझीलच्या ॲलन ओलिव्हेराने २०० मी. शर्यतीत पिस्टोरियसला मागे टाकले, तेव्हा प्रतिस्पर्ध्याची पाती फार लांब आहेत, अशी तक्रार खुद्द पिस्टोरियसने केली. ओलिव्हेराची पाती तत्कालीन नियमांत बसणारी होती. अपंग विरुद्ध अव्यंग एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही, तो मुळात साधनाच्या मापाचा प्रश्न आहे, हे या प्रसंगाने उघड केले.

रेम व लीपर प्रकरणे : जर्मनीचा लांब उडीपटू मार्कुस रेम याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला असून तो कृत्रिम पायानेच उडी घेतो. २०१४ मध्ये त्याने ८·२४ मी. उडी मारून अव्यंगांचे जर्मन राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. परंतु त्याला यूरोपीय स्पर्धेसाठी निवडण्यात आले नाही. पुढील वर्षी महासंघाने नियम बदलून, साधनामुळे एकूण लाभ होत नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी खेळाडूवर टाकली. २०१६ मध्ये जर्मनी, अमेरिका व जपान येथील संशोधकांनी रेमची पाहणी केली. कृत्रिम पायामुळे धाव घेताना तोटा व उडी घेताना फायदा होतो, असे आढळले. दोहोंची वजाबाकी मात्र निश्चितपणे करता आली नाही. शंकेचे ओझे खेळाडूवर असल्यामुळे तो रिओ ऑलिंपिकला मुकला व २०२१ मध्ये टोकिओ ऑलिंपिकसाठी लवादाकडे केलेली त्याची मागणीही फेटाळली गेली. २०२३ मध्ये त्याने ८·७२ मी. उडी मारली, त्याच्या पुढील वर्षी पॅरिस ऑलिंपिकमधील सुवर्णपदकाची उडी ८·४८ मी. होती. ही तुलना दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने करतात.

अमेरिकेचा ब्लेक लीपर हा दोन्ही पाय गुडघ्याखाली नसताना जन्मला. त्याच्या प्रकरणात लवादाने २०२० मध्ये दुहेरी निकाल दिला. सिद्धतेची जबाबदारी अपंग खेळाडूवर टाकणे भेदभावकारक असून तो नियम टिकू शकत नाही, असा निकालाचा पहिला भाग होता. दुसऱ्या भागात, लीपर वापरीत असलेल्या पात्यांवर उभे राहिल्यावर त्याची उंची नैसर्गिक पायांनी मिळाली असती त्याहून बरीच अधिक, सु. १५ सेंमी. जास्त, भरते व त्यामुळे त्याला एकूण लाभ होतो, असे ठरविण्यात आले. तत्त्व खेळाडूने जिंकले. शर्यतीचा हक्क मात्र त्याला मिळाला नाही.

उंचीचे सूत्र व वर्गीकरण : दोन्ही पाय नसलेल्या व्यक्तीची ‘नैसर्गिक’ उंची किती असती, हे प्रत्यक्ष मोजता येत नाही, म्हणून हात, मांडी, धड इत्यादींच्या मापांवरून ती अनुमानाने काढतात. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने हे सूत्र बदलून २०१८ पासून कमाल उंची कमी केली. ज्या लोकसमूहांच्या मापांवरून सूत्र तयार झाले, त्यांत आफ्रिकी वंशाचे लोक नव्हते, असा आक्षेप लीपरच्या बाजूने घेण्यात आला. उंचीचा परिणाम तरी किती, याविषयीही एकमत नाही. २०२० मध्ये अमेरिकेतील संशोधकांना पात्यांची उंची थोडी कमीअधिक केल्याने कमाल वेगात फरक आढळला नाही. पात्याच्या प्रकारामुळे मात्र फरक पडला.

पॅरा-ॲथलेटिक्समध्ये कृत्रिम पायाने धावणाऱ्यांचे २०१८ पासून चार स्वतंत्र वर्ग आहेत : टी-६१ मध्ये दोन्ही पाय गुडघ्यावर, टी-६२ मध्ये दोन्ही पाय गुडघ्याखाली, टी-६३ मध्ये एक पाय गुडघ्यावर व टी-६४ मध्ये एक पाय गुडघ्याखाली विच्छेदित असलेले खेळाडू येतात. एक पाय असणे व दोन्ही पाय नसणे यांत यामिकीच्या दृष्टीने मोठा फरक आहे. एका पायाच्या धावपटूला दोन असमान पायांचा मेळ घालावा लागतो व उंची वाढविण्याची सोय त्याला नसते. लांब पल्ल्याच्या उंचीची शंका केवळ टी-६१ व टी-६२ या वर्गांपुरतीच उरते. ‘कृत्रिम पायाचे धावपटू’ अशा एकाच नावाखाली सर्वांना बंदी वा सर्वांना मुभा देणे, म्हणूनच शास्त्रीय ठरत नाही.

भारत व महाराष्ट्र : भारतात हा वाद लवादापर्यंत गेलेला नाही, मात्र मिश्र स्पर्धेचे एक ठळक उदाहरण आहे. हरियाणाचा भालाफेकपटू सुमित अंतिल हा डावा पाय गुडघ्याखाली विच्छेदित असून कृत्रिम पायाने खेळतो. मार्च २०२१ मध्ये पतियाळा येथील इंडियन ग्रां प्री स्पर्धेत तो नीरज चोप्रासह अव्यंग खेळाडूंबरोबर उतरला व ६६·४३ मी. फेकीसह सातवा आला. त्याच स्पर्धेत चोप्राने ८८·०७ मी. असा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिलच्या सहभागाने कोणाचेही पदक हिरावले गेले नाही. त्याला मात्र मोठ्या स्पर्धेचा सराव मिळाला व त्याच वर्षी टोकिओ पॅरालिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले.

महाराष्ट्रातील नामवंत अपंग खेळाडूंमध्ये नाशिक जिल्ह्यातील धावपटू दिलीप गावित याने हांगजो येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई पॅरा-सामन्यांत ४०० मी. शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. त्याचा एक हात विच्छेदित आहे. तो स्वतःच्या पायांनी धावत असल्यामुळे अव्यंगांच्या शर्यतीत त्याला नियमाची आडकाठी येत नाही. शरीराचा तोल राखण्यात हाताच्या अभावी होणारा तोटा त्याने स्वतःच सोसावयाचा असतो. सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी याने २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळविले. कोल्हापूरचा जलतरणपटू स्वप्नील पाटील याला २०२२ साठीचा अर्जुन पुरस्कार देण्यात आला. व्यंगामुळे तोटा होतो, तेव्हा क्रीडासंघटना तो निमूटपणे मान्य करतात आणि लाभाची शक्यता दिसताच नियम तयार करतात, ही विसंगती गावितासारख्या खेळाडूंच्या उदाहरणावरून ध्यानात येते.

कोल्हापूर परिसरात अवयव गमावण्याची कारणे बहुतांशी रोजच्या जीवनातली आहेत : कडबाकुट्टीचे यंत्र, उसाचा चरक, रस्त्यावरील अपघात, मधुमेहाने चिघळलेली जखम. अशा व्यक्तींच्या शिक्षणाचे व पुनर्वसनाचे काम येथे नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेने दीर्घकाळ केले आहे. अपंग मुलाला प्रथम शाळेत, मग मैदानावर स्थान मिळाले, तरच त्यातून पुढे खेळाडू निर्माण होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० नेही खेळात भाग घेण्याच्या त्यांच्या हक्काची दखल घेण्याचे बंधन क्रीडा-यंत्रणांवर घातले आहे.

युक्तिवाद व मूल्यमापन : मिश्र स्पर्धेच्या विरोधकांचे मुख्य म्हणणे असे, की धावण्याची शर्यत ही मानवी शरीराची परीक्षा असून कृत्रिम पाय सुधारत जाणार, आज लाभ नसला, तरी उद्या होईल व शर्यत कारखान्यांची होऊन बसेल. श्रीमंत देशांतील खेळाडूंना उत्तम पाती मिळतील, ही भीतीही रास्त आहे. समर्थकांचे उत्तर असे, की धावपट्टी, बूट व आहार यांतही तंत्रज्ञान शिरलेलेच आहे. पात्यांचे माप, वजन व प्रकार यांवर मर्यादा घालता येते. शिवाय पाती लावणाऱ्या सहस्रावधी लोकांपैकी अव्यंगांच्या अव्वल दर्जाला पोहोचलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. पात्यांतच वेग असता, तर असे झाले नसते. अपंग-क्रीडाक्षेत्रातूनही एक वेगळी हरकत घेतली जाते : उत्तम खेळाडू अव्यंगांच्या स्पर्धांकडे वळले, तर पॅरालिंपिकला दुय्यम दर्जा येईल. पेटकर यांच्यासारख्यांची पदके ज्या क्षेत्रात मिळाली, त्याची प्रतिष्ठा कमी होणे कोणालाच परवडणारे नाही. परंतु एका खेळाडूने दोन्ही ठिकाणी खेळण्यास बंधन नसावे. अंतिलने तसे केले आहे.

आतापर्यंतच्या निर्णयांवरून व संशोधनावरून काही कसोट्या हाती येतात. लाभ एखाद्या टप्प्यापुरता पाहून चालत नाही, तो संपूर्ण शर्यतीत मोजावा लागतो. निर्णय खेळाडूगणिक, साधनागणिक व क्रीडाप्रकारागणिक वेगळा असावा लागतो. धावण्याचा निष्कर्ष उडीला लागू पडत नाही. जो वगळू पाहतो, त्यानेच कारण सिद्ध करावे. मापाचे सूत्र जाहीर असावे व ते सर्व वंशांच्या शरीरमानांवर आधारलेले असावे.

याहून महत्त्वाची गोष्ट स्पर्धेच्या पातळीची आहे. लाभाची शंका जागतिक अजिंक्यपदाच्या व विक्रमाच्या पातळीवरच अर्थपूर्ण ठरते. शालेय शर्यत, गावच्या जत्रेतील धाव, शहरातील मॅरेथॉन किंवा जिल्हा पातळीवरील निवडफेरी येथे कृत्रिम पायाच्या धावपटूला अडविण्यास या वादातून कोणताही आधार मिळत नाही. तेथे त्याला धावू द्यावे, त्याची वेळ नोंदवावी व पदकाबाबत शंका असेल, तर निकाल स्वतंत्रपणे लावावा. वजनगटाप्रमाणे त्यात कमीपणा नाही. शिखरावर एखाद्या लीपरविषयी पडलेला प्रश्न पायथ्याशी असलेल्या मुलाला मैदानाबाहेर ठेवण्याचे कारण होऊ लागला, तर समतेच्या नावाखाली विषमताच पोसली जाईल. तालमीतील वस्ताद जोड ठरविताना दोन्ही मल्लांना आधी जवळून पाहतो. कोणाला आखाड्याबाहेर काढावे हे तो मल्ल न पाहता सांगत नाही. कृत्रिम पायाच्या धावपटूंविषयीचा न्याय्य निर्णयही प्रत्यक्ष पाहणीनंतर व मोजमापानंतरच देता येतो.